यंत्राशी दोस्ती : गाडीचे मीटर बंद पडते तेव्हा

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत इंजिनाविषयी विचारणारे पुष्कळ असतात, ब्रेकविषयी थोडे, आणि मीटरविषयी जवळजवळ कोणीच नसते. गाडी सुरू होत नाही म्हणजे बिघाड. मीटर चालत नाही याला आपण बिघाड धरतच नाही. गावातल्या कोणत्याही जुन्या स्कूटरवर किंवा जीपवर नजर टाका. काच धुरकटलेली, काटा शून्यावर झोपलेला आणि आकडे कुठल्या तरी जुन्या दिवशी थांबलेले. विचारले तर उत्तर ठरलेले, "चालायचंच! आपल्याला काय शर्यत लावायचीय?"

मीही असेच म्हणत असे. पण एका मीटरपायी माझ्या मामांच्या घरात चुली वेगळ्या व्हायची वेळ आली, तेव्हापासून म्हणत नाही.

गोष्ट 2010 सालच्या दिवाळीतली. मामांचे गाव निफाड तालुक्यात. शेती कांद्याची, थोडी द्राक्षांची. घरात दोन मामा, दोघांचे एकत्र कुटुंब. थोरले मामा वहीचे पक्के. कोणत्या वावरात किती पोती खत गेले इथपासून दिव्याच्या तेलापर्यंत सगळे वहीत. धाकट्या मामांकडे जीप. ट्रेलर जोडून लासलगावच्या बाजारात कांदा न्यायचा, येताना खत, बियाणे, पेंड आणि वाटेत हात करतील ते सोयरे आणायचे. डिझेलवर चालणारी ती जीप तेव्हाच चांगली जुनी झालेली होती.

भाऊबीजेला आईला घेऊन मी गेलो होतो. दुपारी जेवणे झाल्यावर थोरल्या मामी ओसरीवर आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तू मशिनरीतला माणूस. जीप डिझेल पिते का आणखी कोणी, ते एकदा बघ बाबा. मला हे घर फुटायला नकोय."

मग वही बघितली. सुरुवातीला जीप लिटरला 11 किलोमीटर देत होती. वर्षभरापूर्वी 10 वर आली. त्या पावसाळ्यात 8, आणि शेवटच्या महिन्यात 7 सुद्धा नाही. थोरल्या मामांनी कोणावर आळ घेतला नव्हता. त्यांनी फक्त दर आठवड्याला तो आकडा काढून त्याच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. धाकट्या मामांनी त्या रेघा वाचल्या होत्या. दोन महिने दोघे भाऊ एका पंगतीला शेजारी बसले नव्हते.

मिस्त्रीने पंप तपासला होता, फिल्टर बदलला होता, नळ्या बघितल्या होत्या. कुठे गळती नाही, धूरही काळा नाही. सरासरी काढायला दोन आकडे लागतात, डिझेल आणि अंतर. डिझेलचा आकडा सगळ्यांनी तपासला. अंतराचा आकडा जिथून येतो, ते मीटर कोणी तपासले नव्हते.

आता हे मीटर चालते कसे ते थोडे समजून घेऊ. जुन्या गाड्यांत सगळे काम गरारी, तार आणि लोहचुंबक यांच्यावर. जीपमध्ये ट्रान्सफर केसच्या मागच्या बाजूला, तर बहुतेक स्कूटर-मोटारसायकलींत पुढच्या चाकाच्या हबमध्ये एक छोटी गरारी असते. चाक फिरले की ती फिरते. तिच्यात एका लांब केबलचे चौकोनी टोक बसते. या केबलची बाहेरची नळी स्थिर राहते, आतली पोलादी तार फिरते. तारेचे दुसरे चौकोनी टोक मीटरच्या पाठीत शिरते.

मीटरच्या डब्यात खरे तर दोन यंत्रे असतात, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आकडे फिरवणारे यंत्र निव्वळ दातेरी चाकांचे. तारेचे ठरावीक फेरे झाले की शेवटचा आकडा एक घर पुढे सरकतो. काट्याचे यंत्र मात्र वेगळे. तार एका लोहचुंबकाला फिरवते आणि त्या चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची एक वाटी असते. चुंबक आणि वाटी एकमेकांना टेकत नाहीत. ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटतही नाही. पण चुंबक फिरू लागला की वाटीत विजेचे लहान प्रवाह निर्माण होतात आणि वाटी चुंबकामागे ओढली जाते. ताक घुसळताना रवी फिरली की डेराही गरगर फिरू पाहतो, तसेच. डेरा आपण पायाने धरून ठेवतो. इथे वाटीला केसासारख्या बारीक स्प्रिंगने धरलेले असते. वेग वाढला की ओढ वाढते, स्प्रिंग थोडी जास्त वळते आणि वाटीला जोडलेला काटा पुढे जातो. ओटो शुल्झे या जर्मन संशोधकाने 1902 साली या युक्तीचे पेटंट घेतले. पुढे शंभर वर्षे जगभरातल्या गाड्यांचे काटे त्याच युक्तीवर हलले.

एवढे कळले की निम्मी दुरुस्ती झाली, कारण बिघाड कुठे आहे हे मीटरच सांगते. काटा आणि आकडे दोन्ही बंद असतील तर डब्याला हात लावू नका. दोष बहुधा केबलचा किंवा खालच्या गरारीचा. आकडे फिरतात पण काटा मेलेला, तर केबल ठीक आहे आणि आतली वाटी, स्प्रिंग किंवा काट्याची पकड बिघडली आहे. काटा चालतो पण आकडे थांबलेले, तर आतल्या छोट्या गरारीचे दात गेले. काटा थुईथुई नाचतो, 20 वर, 50 वर, पुन्हा 20 वर, तेव्हा केबल कोरडी पडलेली, मुरगळलेली किंवा तिचे टोक झिजलेले असते. आणि काटा एकदम शेवटच्या आकड्यावर जाऊन बसला, तर तुम्ही किंवा तुमच्या मिस्त्रीने केबलला नको इतके ग्रीस फासले आहे. ते तारेवरून चढत चढत डब्यात गेले आणि चुंबक व वाटी यांच्यामध्ये भरले.

मामांच्या जीपचा काटा नाचत होता. "कधीपासून?" असे विचारले तर धाकटे मामा म्हणाले, "पावसाळ्याआधीपासून असेल. पण तेवढ्यासाठी कोण गॅरेजला जातो?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघे जीप घेऊन निघालो. तिसरे थोरले मामा. त्यांना मी मुद्दाम पुढे बसवले आणि वही-पेन्सिल त्यांच्याच हातात दिली. डांबरी सडकेला दर किलोमीटरला दगड असतो. एका दगडापाशी मीटरचा आकडा टिपला आणि दहा दगड मोजून पुन्हा टिपला. खरे अंतर 10 किलोमीटर, मीटरवर जेमतेम 6. मधेच काटा शून्यावर पडे, आकडेही थांबत, आणि खड्डा बसला की दोन्ही पुन्हा सुरू. थोरल्या मामांनी पुन्हा एकदा आकडा टिपून पाहिला, काही बोलले नाहीत.

घरी येऊन केबल काढली. त्याआधी बॅटरीची एक तार सोडवली. जुन्या जीपचे मीटर काढणाऱ्याने हे विसरू नये. डॅशबोर्डामागे ॲमीटरच्या जाड तारा असतात, त्यांच्यावर बहुतेक वेळा फ्यूज नसतो, आणि पाना तिथे टेकला तर ठिणग्याच नव्हे, वायरिंग जळते. मीटरच्या पाठीशी केबलचा गोल नट असतो तो शक्यतो हातानेच सोडवावा. पक्कड लावायचीच तर फडके गुंडाळून, नाहीतर त्याचे आटे जातात.

वरचे टोक मोकळे झाले की परीक्षा सोपी. जीप न्यूट्रलमध्ये ठेवून दोघांनी चार पावले ढकलावी आणि तिसऱ्याने तारेच्या टोकाकडे बघावे. स्कूटर असेल तर खाली विटा देऊन पुढचे चाक उचलावे आणि हाताने फिरवावे. तार फिरली तर खालची गरारी शाबूत. फिरली नाही तर तार तुटली आहे किंवा गरारीचे दात गेले आहेत. स्कूटरच्या हबमधली ही गरारी चिखल आणि पाणी यांमुळे लवकर जाते. चाकाच्या बेअरिंगला ग्रीस भरताना तिलाही विसरू नका.

आमची तार फिरत होती. पण वरचे चौकोनी टोक वापरून गुळगुळीत झालेल्या पेन्सिलीसारखे गोल झाले होते. मीटरमध्ये ते कधी पकड घेई, कधी नुसतेच फिरे. दहातले चार किलोमीटर तिथेच सांडत होते.

तार बाहेर ओढून काढली तर ती कोरडी खडखडीत, गंज आलेली. केबल काढलीच आहे तर ती पुढीलप्रमाणे तपासा. रॉकेल किंवा डिझेलने तार धुऊन कोरडी करा. फडक्यातून ओढून बघा, कुठे कुसळासारखे बारीक तार टोचते का. टोचले तर तिथून ती लवकरच तुटणार. मग दोन्ही टोके दोन हातांत धरून तार धनुष्यासारखी वाकवा आणि एक टोक हळूहळू फिरवा. दुसरे टोक सारख्या गतीने फिरले तर तार चांगली. अडून अडून एकदम झटका देऊन फिरले तर तिला पीळ पडला आहे. अशा तारेवर काटा नाचणारच, कितीही ग्रीस लावा.

ग्रीस लावायचे ते बोटाच्या दोन पेरांत घेऊन, पातळ थरात. मीटरकडची वरची वीतभर तार कोरडीच ठेवायची. ग्रीस वर चढते हे वर सांगितलेच आहे. बैलगाडीच्या आसाला वंगण भरून घालणारे आपण. इथे मात्र हात आखडता घ्यायचा.

नवी तार घालण्यापूर्वी एक काम बहुतेक गॅरेजवाले करत नाहीत, ते तुम्ही करा. मीटरच्या पाठीतल्या चौकोनी भोकात तारेचा तुकडा किंवा बसेल अशी काडी घालून ती बोटांनी फिरवून पाहा. दांडा हलका फिरला पाहिजे आणि झटका दिला की काटा उडला पाहिजे. दांडा जड असेल तर जुनी तार त्यामुळेच तुटली होती, आणि नवीही आठ दिवसांत तुटेल. कोणाच्या मीटरमधून थंडीच्या दिवसांत सकाळी चीं चीं असा आवाज येतो. तो दांडा कोरडा पडल्याचा आवाज. दांड्याच्या बुशापाशी शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब सोडा. दोन नकोत. आतल्या बारीक स्प्रिंगवर तेल गेले तर तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि काटा भलतेच सांगू लागतो.

केबल परत बसवताना तिला तीव्र वळण देऊ नका. वळणाची त्रिज्या निदान 15 सेंटिमीटर असावी, आणि केबल सायलेन्सरला टेकू नये. नट आवळण्याआधी चौकोनी टोक भोकात नीट बसले आहे ना, हे तार थोडी फिरवून पाहावे. नटाच्या जोराने टोक आत ढकलायला गेलात तर तेच वाकेल.

डबा उघडायचे काम मात्र मी घरी करायला सांगणार नाही. काचेची कडी पत्रा दुमडून बसवलेली असते, ती उकलताना काच जाते. काटा उपटून काढला तर त्याची जागा चुकते, कारण शून्यावरच्या खुंटीला तो थोड्या ताणाने टेकलेला असतो. मोठ्या गावांत मीटर दुरुस्त करणारे असतात. ते नसतील तर जुना घड्याळजी बघा; केसाएवढी स्प्रिंग हाताळायची सवय त्याला असते.

तर मामांच्या जीपला त्याच दिवशी निफाडहून नवी केबल आणून घातली. नव्या मीटरच्या मानाने केबलची किंमत अगदीच किरकोळ. काटा शांत झाला. संध्याकाळी पुन्हा तेच दहा दगड मोजले. मीटरवर आकडा आला 9.2.

धाकट्या मामांना एवढ्यावरच आनंद झाला होता. पण थोरले मामा म्हणाले, "आठशे मीटर कुठे गेले?"

हिशेबी माणसाचा हा प्रश्न अगदी बरोबर होता. नवी केबल कुठे घसरत नव्हती. गरारी चांगली होती. आकड्यांचे यंत्र दातांचे असल्यामुळे ते चुंबकासारखे अशक्त होत नाही. दर शंभराला ठरावीक कमी दाखवते आहे म्हणजे चाकच वेगळे असणार. मी विचारले, "मामा, टायर कधी बदलले?"

गेल्या वर्षी अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला. चिखलात जीप रुतते म्हणून मूळ मापापेक्षा एक नंबर मोठे टायर, ओळखीच्या माणसाकडून वापरलेले पण चांगले मिळाले म्हणून घातलेले. जुन्यांपैकी एक अजून गोठ्यामागे पडून होता.

खडूने जीपच्या टायरवर आणि जमिनीवर खूण केली, चाकाचा एक पूर्ण फेरा होईपर्यंत जीप सरळ ढकलली, पुन्हा खूण केली आणि टेप लावली. 2 मीटर 38 सेंटिमीटर. मग स्टेपनीची जुनी डिस्क चढवून जुना टायर तसाच मोजला, 2 मीटर 20. चाक मोठे झाले की एका किलोमीटरात त्याचे फेरे कमी होतात. मीटर बिचारे फेरेच मोजते, त्याला टायर बदलल्याचे कोण सांगणार? 220 भागिले 238, उत्तर 0.92. दहा किलोमीटरला 9.2.

वहीतला 11 चा 10 झाला तो टायरमुळे. दहाचे पुढे आठ आणि सात झाले ते केबल घसरू लागल्यावर. टाकी काठोकाठ भरून, आठवडाभर जीप चालवून, पुन्हा काठोकाठ भरून आम्ही खरा हिशेब काढला. मीटरच्या आकड्याने 10, दुरुस्ती धरून 10.8.

थोरल्या मामांनी वहीची मागची पाने उलटली आणि त्या दोन-दोन रेघा रबराने खोडल्या. वर्षभरापूर्वीच्या रेघा शाईच्या होत्या, त्या खोडल्या गेल्या नाहीत. रात्री जेवताना त्यांनी धाकट्या भावाला हाक मारून आपल्या शेजारी पाट मांडायला लावला. मामी वाढताना माझ्याकडे बघून हसल्या. एवढेच झाले.

मोठे टायर ठेवायचेच असतील तर यावर इलाज आहे. केबलला फिरवणारी छोटी गरारी कमी दात्यांची घातली की तार जास्त फिरते. समजा 15 दात्यांची आहे, तिच्या जागी 14 दात्यांची बसली तर मीटर सातएक टक्के वाढेल. मात्र तशी गरारी प्रत्येक जुन्या गाडीला मिळतेच असे नाही. मामांच्या जीपला मिळाली नाही, म्हणून वहीच्या पहिल्या पानावर लिहिले, "मीटरच्या दर 100 ला 8 वाढवणे."

डिझेलचा हिशेब हा एक भाग झाला. इंजिन ऑइल आपण किलोमीटरवर बदलतो. पाच हजारांवर बदलायचे ठरवले आणि मीटर दहातले सहाच मोजत असले, तर ऑइल प्रत्यक्षात आठ हजारांच्या पुढे चालले. ते इंजिन लवकर बसले तर त्याला कंपनीचा दोष म्हणता येणार नाही. दुसरे, मोठ्या टायरांवर काटा 50 दाखवतो तेव्हा जीप 54 ने धावत असते. कारखान्यातून येणारे मीटर बहुधा खऱ्या वेगापेक्षा किंचित जास्तच दाखवते, म्हणजे चूक झाली तरी सावध बाजूने व्हावी. मोठे टायर ती चूक उलट्या बाजूला नेतात. मागे ट्रेलर आणि त्यात कांदा असेल तर चार किलोमीटरनेही ब्रेकचे अंतर लांबते. आणि काटाच नाचत असेल तर धाकटे मामा करायचे तेच सगळे करतात, इंजिनाच्या आवाजावरून वेग ओळखतात. सायलेन्सर बदलला की तो अंदाजही गेला.

काटा खरा आहे का, हे तपासायला घड्याळ पुरते. काटा 60 वर स्थिर ठेवा. एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंत 60 सेकंद लागले पाहिजेत. ट्रेलरसह जात असाल तर 40 वर ठेवा, 90 सेकंद लागतील. 3600 ला सेकंदांनी भागले की खरा वेग. सेकंद शेजारी बसलेल्याने मोजावेत, चालवणाऱ्याने नव्हे. मुलाच्या मोबाइलमध्ये वेग दाखवणारे ॲप असेल तर तेही मोकळ्या रस्त्यावर चांगले काम देते. पण दगड वापरलेत तर अंतराच्या आकड्याचीही परीक्षा त्याच फेरीत होते.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. बंद मीटरवरच्या किलोमीटरला काही अर्थ नाही, आणि चालू मीटरवरचा आकडाही मागे फिरवलेला असू शकतो. आकडे एका रेषेत नसून वर-खाली असतील, काचेच्या कडीवर किंवा मागच्या स्क्रूवर ओरखडे असतील, तर विकणाऱ्याकडे जरा नीट बघा. क्लच आणि ब्रेकच्या पेडलचे रबर किती झिजले आहे, हे मीटरपेक्षा खरे बोलते. आणि पंधरा वर्षे झालेल्या गाडीची नोंदणी वाढवायला परिवहन कार्यालयात नेणार असाल, तर आधीच्या आठवड्यात केबल बघून घ्या. एवढ्यासाठी परत फिरावे लागू नये.

ट्रॅक्टरवरच्या तासांच्या मीटरचे गणित वेगळे आहे. ते घड्याळाचे तास मोजत नाही, इंजिनाचे फेरे मोजते, आणि भाड्याने नांगरट देणाऱ्या-घेणाऱ्यांत त्यावरून फार वाद होतात. त्याविषयी पुढच्या अंकात.